हीटर तपासणीचा धंदा: थंड देशांत कार्बन मोनॉक्साइड कसा तपासतात आणि त्यात आपल्यासाठी काय आहे

कमी भांडवलातल्या सर्व्हिस धंद्यांवरच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोलून पुढे गेलो होतो. इंग्लंडमध्ये एक माणूस, एक व्हॅन आणि हातात मावणारं एक मशीन, एवढ्यावर लोकांच्या घरातले हीटर तपासून घर चालवणारे हजारो जण आहेत, असं ते वाक्य होतं. त्याखाली प्रश्नांची रांगच लागली. तपासतात म्हणजे नक्की काय करतात? हीटर चालू आहे, घर गरम आहे, मग लोक पैसे कशाचे देतात? आणि आपल्याकडे असलं काही चालेल का?

तिन्ही प्रश्न चांगले आहेत, पण उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. थोडं विज्ञान येईल, पण ते टाळू नका. ज्याला आपला माल कळत नाही त्याला गिऱ्हाइकाला भाव समजावून सांगता येत नाही.

आधी हा वायू समजून घ्या

थंड देशांत घर गरम ठेवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. अमेरिका, कॅनडात अनेक घरांत फर्नेस असते. ती गॅस जाळून हवा गरम करते आणि ती हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते. इंग्लंडमध्ये बॉयलर असतो. तो पाणी गरम करतो, ते पाणी भिंतीवरच्या रेडिएटरमधून फिरतं. दोन्हीकडे आग घराच्या आत आणि धूर नळीने घराच्या बाहेर, असा मामला आहे.

गॅसला जळायला हवा लागते, आणि भरपूर लागते. एक घनमीटर नैसर्गिक गॅस नीट जळायला जवळपास दहा घनमीटर हवा लागते. तेवढी मिळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली, बर्नर घाण झाला, किंवा जळालेला धूर बाहेर न जाता परत आगीवरच आला, तर गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

याला वास नाही, रंग नाही, चव नाही, डोळे चुरचुरत नाहीत. इथे आपल्या लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. "गळती झाली तर वास येईलच की!" सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. न जळलेला गॅस गळला तर तो येतो. जळाल्यानंतर जो विषारी वायू तयार होतो त्यात तो वास राहत नाही. म्हणजे नाकावर भरवसा ठेवायचा मार्गच बंद.

शरीरात गेल्यावर हा रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा साधारण २०० ते २५० पट जास्त घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेतोय, पण ऑक्सिजन पोचत नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, अंगात त्राण राहत नाही. हिवाळ्यात हे झालं की प्रत्येकाला वाटतं सर्दीताप आहे. मग माणूस काय करतो? दारं-खिडक्या लावून, हीटर वाढवून, पांघरूण घेऊन झोपतो. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या आकड्यांप्रमाणे आगीशी संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेने तिथे दरवर्षी ४०० हून जास्त लोक मरतात आणि १ लाखाहून जास्त लोकांना इमर्जन्सी विभागात जावं लागतं. सगळेच घरच्या हीटरमुळे नव्हे, जनरेटर वगैरेही त्यात आहेत. पण आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

नियम का आले

जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, प्लिमथ गावी, मोठं हिमवादळ झालं. एका घराच्या हीटरचा धूर बाहेर टाकणारी नळी बाजूच्या भिंतीतून निघत होती. तिच्या तोंडावर बर्फ साचला. धूर घरात भरला आणि सात वर्षांची एक मुलगी गेली. त्याच वर्षी तिच्या नावाने कायदा झाला, 'निकोलचा कायदा'. ३१ मार्च २००६ पासून तिथल्या घरांत कार्बन मोनॉक्साइड अलार्म बंधनकारक झाला. त्या राज्याच्या नियमात एक छोटी गोष्ट आहे, ती मला फार आवडते. भिंतीतून धुराची नळी निघत असेल तर तिच्या वर, जमिनीपासून किमान ८ फुटांवर, पाटी लावायची: खाली गॅसची नळी आहे, समोर काही अडथळा ठेवू नका. आठ फूट का, तर बर्फाचा ढीग तिथवर सहसा पोचत नाही, आणि फावडं घेऊन बाहेर आलेल्याला कळतं की आधी कुठे खणायचं.

कॅनडाच्या ओंटारिओत वूडस्टॉक नावाचं गाव आहे. तिथे डिसेंबर २००८ मध्ये आई, वडील आणि दोन मुलं असं सगळं कुटुंब संपलं. गॅसच्या शेकोटीची धुराची वाट तुंबलेली होती आणि घरात अलार्म नव्हता. त्यातली आई स्वतः पोलिसात होती. तिच्या काकांनी, जे निवृत्त अग्निशमन जवान होते, पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये ओंटारिओत अलार्मचा कायदा झाला.

इंग्लंडची वाट थोडी वेगळी. तिथे १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येक मालकाने गॅसची उपकरणं दर १२ महिन्यांनी तपासून घ्यायची, आणि तपासणीची नोंद २८ दिवसांत भाडेकरूला द्यायची. नवा भाडेकरू असेल तर राहायला येण्याआधी. तपासणारा माणूस 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नोंदलेलाच हवा. १ एप्रिल २००९ ला हे रजिस्टर आलं, त्याआधी 'कॉर्गी' नावाची नोंदणी होती. त्या कागदाला आजही लोक 'सीपी-१२' म्हणतात, ते कॉर्गीच्या जुन्या फॉर्मचं नाव. संस्था गेली, फॉर्मचं नाव राहिलं! आपण नाही का अजून झेरॉक्स काढतो, मशीन कुठल्याही कंपनीचं असलं तरी.

तपासायला गेलेला माणूस करतो काय

आता मुख्य भाग. हा नीट वाचा, कारण कुठल्याही सर्व्हिस धंद्यात कामाचा क्रम हाच खरा माल असतो.

पहिलं काम घराबाहेरच. मशीन, म्हणजे धुराचं विश्लेषण करणारा अॅनालायझर, मोकळ्या हवेत सुरू करायचा. तो सुरू होताना आजूबाजूच्या हवेला शून्य धरतो. घरात जाऊन सुरू केला आणि घरात आधीच ३० पीपीएम असेल, तर मशीन त्या तीसलाच शून्य समजणार. आपल्याकडचा वजनकाटा आठवा. पारड्यात आधीच काही असताना शून्याचं बटण दाबलं तर पुढचं सगळं वजन चुकतं. (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग.)

बाहेर असतानाच धुराच्या नळीचं तोंड बघायचं. बर्फ, पक्ष्याचं घरटं, पानं, शेजारी नवीन बांधलेली भिंत किंवा छत. मग घरात शिरताना मीटर हातात किंवा कमरेला चालू असतो. दारातच आकडा वाढला तर तपासणी बाजूला, आधी माणसं बाहेर.

नंतर बोलणं. चांगला तंत्रज्ञ चार-पाच प्रश्न विचारतो. घरात कुणाचं डोकं दुखतं का? सगळ्यांचं एकदम दुखतं का? बाहेर गेल्यावर बरं वाटतं का? कुत्रा-मांजर सुस्त पडलंय का? साथीच्या तापात आणि या विषबाधेत फरक ओळखायचा हा सोपा मार्ग आहे. ताप माणसाबरोबर ऑफिसातही येतो. ही डोकेदुखी घरीच राहते.

मग डोळ्यांनी पाहणी. उपकरणाभोवती काजळी, डाग, गंज. नळीचे सांधे सुटलेत का. खिडक्यांच्या काचांवर नेहमीपेक्षा जास्त दव साचतं का, कारण धूर आत येत असेल तर त्याबरोबर वाफही येते. ज्योतीचा रंग. निळी घट्ट ज्योत चांगली, पिवळी लवलवणारी ज्योत संशयाची. पण निळी ज्योत दिसली म्हणून निश्चिंत होणारा तंत्रज्ञ मला चालणार नाही. निळ्या ज्योतीतूनही हा वायू निघू शकतो, तो मोजल्याशिवाय कळत नाही.

फर्नेसमध्ये एक खास जागा बघतात, ती म्हणजे हीट एक्स्चेंजर. धातूच्या भिंतीच्या एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला घरात जाणारी हवा. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन त्या धातूला चीर पडू शकते. ओळखायची एक खूण अशी: आग पेटली की ज्योत स्थिर असते, थोड्या वेळाने हवा ढकलणारा पंखा सुरू होतो, आणि त्याच क्षणी ज्योत हलायला, वाकायला लागली तर पंख्याची हवा चिरेतून आगीत घुसतेय. ही चीर लक्षात ठेवा. धंद्याच्या भागात तिची गोष्ट परत येणार आहे.

पुढची चाचणी मला सगळ्यात हुशार वाटते. घर जितकं वाईट अवस्थेत असू शकतं तितकं मुद्दाम करायचं. सगळ्या खिडक्या बंद, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू, बाथरूमचे पंखे चालू, कपडे वाळवायचं मशीन चालू. हे सगळे घरातली हवा बाहेर ओढतात. घर घट्ट बंद असेल तर ती हवा भरून यायला वाट शोधते, आणि कधीकधी ती वाट म्हणजे धुराचीच नळी! धूर वर जायचा तो उलटा घरात येतो. म्हणून अशा अवस्थेत हीटर पेटवायचा, काही मिनिटं थांबायचं आणि धुराच्या नळीच्या उघड्या तोंडाशी धूर सोडणारी काडी धरायची. धूर नळीत ओढला गेला तर ठीक. खोलीकडे परत आला तर नापास. आपल्याकडे उदबत्तीने दाखवता येईल इतकं हे साधं आहे. गंमत बघा, उष्णता वाचवायला घर जितकं घट्ट बंद केलं तितका हा धोका वाढतो. नव्या खिडक्या बसवल्यावर जुना हीटर परत तपासायला हवा, हे घरमालकाला सुचत नाही.

शेवटी मशीनचं काम. हीटर स्थिर चालू झाला की नळीतल्या छिद्रातून अॅनालायझरची कांडी आत घालायची. ऑक्सिजन किती, कार्बन मोनॉक्साइड किती, दोन वायूंचं गुणोत्तर किती हे पडद्यावर येतं. अमेरिकेत फर्नेससाठी नळीतल्या धुरात, हवेची भेसळ वजा करून, ४०० पीपीएम ही वरची मर्यादा धरतात. इंग्लंडमध्ये आधुनिक बॉयलरला कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांचं गुणोत्तर ०.००४ च्या आत हवं. हे नळीतले आकडे आहेत. खोलीत मात्र काहीच नसावं ही अपेक्षा.

आणि जाता जाता अलार्म. लोकांना वाटतं अलार्म लावला म्हणजे तपासणीची गरज संपली. अमेरिकन मानकाप्रमाणे अलार्मने ७० पीपीएमला १ ते ४ तासांत वाजायचं असतं, १५० ला १० ते ५० मिनिटांत, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. म्हणजे ३०-४० पीपीएम रोज रात्रभर राहिलं तर तो गप्प बसू शकतो, आणि घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर तेवढंही वाईट. शिवाय आतला सेन्सर ५ ते १० वर्षांत संपतो. बटण दाबलं की 'टीं' वाजतं, ते बहुतेक वेळा बॅटरी आणि भोंगा ठीक असल्याचं सांगतं. म्हणून मागची तारीख बघायची.

दुकानदार म्हणून एक सांगतो. गॅसगळतीचा अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, त्याचा अलार्म खाली लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच, किंचित हलका, तो खोलीभर मिसळतो. त्याचा अलार्म कंपनीने सांगितलेल्या उंचीवर, झोपायच्या खोलीजवळ. एकाच्या जागी दुसरा विकणारे बाजारात आहेत. तुम्ही त्यांच्यातले होऊ नका.

"बंद करा" म्हणायची वेळ

आता कल्पना करा. बाहेर उणे वीस. घरात म्हातारी आई, तान्हं बाळ. तुम्ही तपासायला गेलात आणि हीटर नापास. तुम्हाला तो बंद करून यायचाय. मालक फोनवर ओरडतोय, "काल तर नीट चालत होता!"

या प्रसंगासाठी तिथे पद्धत ठरलेली आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्ग: 'तात्काळ धोकादायक' आणि 'जोखमीचं'. पहिल्यात घरातल्यांच्या परवानगीने उपकरणाचा गॅस तोडायचा, इशाऱ्याचं लेबल लावायचं, लेखी नोटीस द्यायची. परवानगी दिली नाही तर वाद घालायचा नाही, गॅसच्या आपत्कालीन सेवेला कळवायचं. त्यांच्याकडे पुरवठा तोडायचा अधिकार असतो. ओंटारिओत टॅग लावतात. तातडीचा धोका असेल तर लगेच बंद, नसेल तर दुरुस्तीला मुदत.

नियम लिहिलेला असल्यामुळे तंत्रज्ञाला गिऱ्हाइकाशी भांडावं लागत नाही, तो नियमाकडे बोट दाखवतो. पण माणूस म्हणून काही उरतंच ना? कित्येक जण व्हॅनमध्ये एक-दोन इलेक्ट्रिक हीटर ठेवतात, दुरुस्ती होईपर्यंत उसने द्यायला. त्यात फार खर्च नाही, पण ज्या घरात तुम्ही हीटर बंद केला त्याच घरातून पुढच्या वर्षी फोन येतो तो यामुळे.

आता ती चीर. फर्नेसचा एक्स्चेंजर फुटला म्हटलं की फर्नेस बदलणं आलं, म्हणजे हजारो डॉलर. चीर आत खोलवर असते, घरमालकाला दिसत नाही. आणि तपासणी करणाऱ्याला फर्नेस विकल्याचं कमिशन मिळत असेल तर? अमेरिका-कॅनडात ही तक्रार जुनी आहे: तपासणी जवळपास फुकटात, आणि निघताना "तुमच्या मुलांच्या जिवाला धोका आहे" म्हणून नव्या फर्नेसचं कोटेशन. भीती खरी आहे म्हणूनच ती विकता येते. आणि एकदा लोकांना वाटलं की हे सगळे घाबरवूनच विकतात, की खरी चीर सापडल्यावरही कुणी ऐकत नाही. तेव्हा नुकसान फक्त पैशाचं नसतं.

यावर प्रामाणिक माणसाचा उपाय सरळ आहे. चिरेचा फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा. मशीनच्या आकड्यांची छापील पट्टी द्यायची. आणि स्वतः म्हणायचं, "दुसऱ्या कुणाकडूनही बघून घ्या, तोवर बंद ठेवा." या वाक्याने विक्री कधी कधी हातची जाते. मला तरी हे वाक्य बोलणाऱ्याकडेच परत जावंसं वाटेल.

पैसे कसे सुटतात

इंग्लंडमध्ये मालकाच्या वार्षिक तपासणीचे ढोबळमानाने ६० ते १०० पाउंड घेतात, शहराप्रमाणे आणि उपकरणांच्या संख्येप्रमाणे कमीजास्त. समजा एकाकडे ३०० भाड्याची घरं बांधलेली आहेत आणि सरासरी ७० पाउंड मिळतात. २१,००० पाउंड झाले. यातून व्हॅन, विमा, नोंदणी, मशीनचं वार्षिक कॅलिब्रेशन जाणार. एवढ्यावर श्रीमंत होत नाही कुणी. पण हे ३०० गिऱ्हाईक दरवर्षी न मागता परत येतात, आणि बॉयलरची सर्व्हिस, दुरुस्ती याच घरांतून निघते.

एक बारकावा मात्र शिकण्यासारखा आहे. हिवाळ्याच्या तोंडावर सगळ्यांनाच तपासणी हवी असते, उन्हाळ्यात कुणी विचारत नाही. २०१८ मध्ये नियमात सवलत आली: मुदतीच्या आधी दोन महिन्यांत कधीही तपासणी केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. म्हणजे १५ डिसेंबरची मुदत असेल तर १५ ऑक्टोबरपासून कधीही जा, पुढची मुदत परत १५ डिसेंबरच. कायद्याने मालकासाठी केलेली ही सोय हुशार तंत्रज्ञ स्वतःच्या वेळापत्रकासाठी वापरतो. एका गल्लीतली सहा घरं एका दिवशी, पेट्रोल वाचलं, वेळ वाचला. तुमचा आरओ सर्व्हिसचा धंदा असो की एसीचा, गिऱ्हाइकांची यादी तारखेप्रमाणे आणि भागाप्रमाणे अशी दोन्ही प्रकारे लावून बघा. मी दुकानाच्या सर्व्हिस कॉलसाठी तेच करतो.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात घर गरम करायची गरज नाही. पण बाथरूममधला गॅस गीझर आहे. दर हिवाळ्यात बंद बाथरूममध्ये माणूस बेशुद्ध सापडल्याच्या किंवा गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. कारण तेच.

हिशोब करून बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गीझर साधारण १२ किलोवॅटने गॅस जाळतो, म्हणजे स्वयंपाकाच्या पाच-सहा शेगड्या एकदम. ४ बाय ७ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये सहा घनमीटरच्या आसपास हवा असते. दहा मिनिटांच्या आंघोळीत गीझरला पावणेदोन-दोन घनमीटर हवा लागते. खिडकी बंद असेल तर बाथरूममधल्या हवेचा पाव हिस्सा, त्याहून थोडा जास्तच, संपला. ऑक्सिजन उतरत गेला की ज्योत अर्धवट जळते आणि धूर आतच फिरतो. मुलगी केस धुवायला गेली आणि वीस मिनिटं लागली, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून माझ्या दुकानात गॅस गीझर विकायच्या आधी मी जागा विचारतो. बाथरूमच्या आत बसवणार असाल तर मी विकत नाही. बाहेर, मोकळ्या हवेत गीझर, आणि आत फक्त पाण्याची पाइप. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं कधीकधी. जाऊ दे.

आता धंदा म्हणून. तुम्ही आधीच गीझर, आरओ, प्लंबिंगची सर्व्हिस करत असाल तर हिवाळ्याआधीची गीझर तपासणी ही वेगळी सेवा म्हणून देता येईल. आधी कंपनीचं सर्व्हिस ट्रेनिंग घ्या, त्याशिवाय गॅसच्या वस्तूला हात लावू नका. हातात धरायचा कार्बन मोनॉक्साइड मीटर काही हजारांत मिळतो. इंग्लंडच्या तंत्रज्ञासारखा महागडा अॅनालायझर सुरुवातीला लागत नाही. क्रम वर दिलाय तोच: मीटर बाहेर सुरू करा, बाथरूममध्ये आधीचा आकडा घ्या, गीझर दहा मिनिटं चालवा, परत आकडा घ्या. दहा मिनिटं दाराबाहेर थांबा, दार लावून आत बसायचं नाही. आकडा चढायला लागला की गीझर बंद, खिडकी-दार उघडं.

गिऱ्हाइकाला जो कागद द्याल त्याला 'सर्टिफिकेट' म्हणू नका. तो अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. 'तपासणी नोंद' म्हणा. त्यावर तारीख, जागा, गीझर आत की बाहेर, खिडकी आहे की नाही, दोन्ही आकडे, काय सांगितलं, आणि दोघांची सही. गिऱ्हाईक म्हणालं, "आत आहे पण चालू राहू द्या," तर ते वाक्यही नोंदीत लिहा आणि त्याची सही घ्या.

ज्यांना टूरचा किंवा होमस्टेचा धंदा करायचाय त्यांच्यासाठी. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दमन इथे एका रिसॉर्टच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक गेले, त्यात चार लहान मुलं होती. काश्मीर, हिमाचलला हिवाळ्यात माणसं घेऊन जात असाल तर हॉटेलला बुकिंगआधी विचारा की खोलीत गरम करायला काय वापरता. गॅस हीटर, बुखारी किंवा कोळसा असेल तर झोपताना बंद, ही अट लेखी घ्या. बॅटरीवरचा एक छोटा अलार्म टूर मॅनेजरच्या बॅगेत ठेवा. महाबळेश्वरला होमस्टे असेल आणि पाहुण्यांनी खोलीत कोळशाची शेगडी मागितली तर अंगणात पेटवून द्या, खोलीत नाही.

शेवटचे दोन प्रश्न

"तिकडे जाऊन हे काम करता येईल का?" येईल, पण परवान्याशिवाय नाही. ओंटारिओत गॅस तंत्रज्ञाच्या जी-३, जी-२, जी-१ अशा पायऱ्या आहेत. जी-३ म्हणजे वरच्या परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम. इंग्लंडमध्ये परीक्षा देऊन नोंदणी होते आणि दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा. इथला प्लंबिंगचा अनुभव उपयोगी पडेल, परवान्याची जागा घेणार नाही.

"माझा भाऊ लंडनजवळ भाड्याने राहतो, त्याने काय करावं?" घरात गॅस बॉयलर असेल तर मालकाकडे या वर्षीची गॅस सुरक्षा नोंद मागावी, तो त्याचा हक्क आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये बॉयलर किंवा शेकोटी असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड अलार्म देणंही मालकावर बंधनकारक आहे, फक्त गॅसची शेगडी त्यातून वगळलेली आहे. आणि तपासायला माणूस आला की त्याचं गॅस सेफ कार्ड मागून घ्यावं, पुढून बघावं आणि उलटंही करून बघावं. पुढे फोटो, नंबर आणि मुदत असते. तो नेमक्या कुठल्या उपकरणावर काम करायला पात्र आहे, ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.